माइकमधली गुणगुण आणि खरखर: सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचं

माइकमधून गुणगुण किंवा खरखर आली की पहिला संशय माइकवरच जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. चांगला डायनॅमिक माइक वर्षानुवर्षं मुकाट्यानं काम करतो. शुअरचा एसएम 58 बाजारात आला 1966 साली, आणि त्या पिढीतले माइक आजही वाजताना सापडतात. रोज ओढली, वाकवली आणि गुंडाळली जाते ती केबल. रोज काढली-घातली जाते ती पिन. रोज पिळला जातो तो स्टँड. दोष तिथेच आधी शिरतो. तो येतो-जातो, म्हणून सापडत नाही, आणि शेवटी माणूस कंटाळून नवा माइक घेतो. मग नव्या माइकमध्येही तीच गुणगुण ऐकू येते.

हा दोष मी पुन्हा पुन्हा काढत आलो आहे. ज्या क्रमानं मी तपासतो त्याच क्रमानं लिहितो: फुकटातलं आधी, खर्चाचं आणि जोखमीचं शेवटी.

आधी नीट ऐका

प्रत्येक दोषाचा आवाज वेगळा असतो. हेडफोन लावा, समोर कुणाला बोलू देऊ नका आणि रिकाम्या खोलीचं मिनिटभर रेकॉर्डिंग करा.

खर्जातली, गोल, सलग गुणगुण ऐकू येत असेल तर ती विजेच्या मूळ कंपनांची असते. 50 हर्ट्झची वीज असेल तिथे 50 वर, 60 ची असेल तिथे 60 वर. असा आवाज बहुधा जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून येतो.

त्याहून चढी, कर्कश, कानाला टोचणारी घरघर असेल तर तिच्यात 100, 200, 300 अशी वरची कंपनं मिसळलेली असतात. इथे संशय दिव्यांच्या डिमरवर, स्वस्त अडॅप्टरवर, केबलच्या तुटलेल्या जाळीवर (तारांभोवतीच्या धातूच्या विणलेल्या आवरणावर) किंवा एखाद्या यंत्राच्या पॉवर सप्लायमधल्या म्हाताऱ्या कपॅसिटरवर घ्यावा. रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे सप्लायमधून निसटणारी गुणगुण 50 ची न राहता 100 ची होते. रेकॉर्डिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कंपनांचा आलेख दिसतो. त्यात सगळ्यात उंच सुळका 50 वर आहे की 100 वर, एवढं पाहिलं तरी शोधाची निम्मी वाट कमी होते.

केबल हलली की खरखर आणि हात थांबला की शांत, याचा अर्थ सुटलेला डाग (सोल्डरचा सांधा) किंवा तुटलेली तार. आवाज एकदम पातळ झाला, खर्ज गेला आणि सोबत गुणगुण वाढली, तर दोन तारांपैकी एक तुटलेली असते. कुणी चाललं किंवा दार लोटलं की ‘धप्प’ येत असेल तर स्टँड बघा. काहीही न हलवता मधूनच तडतड होत असेल आणि माइक कंडेन्सर (चालायला वीज लागणारा, नाजूक पडद्याचा) असेल, तर दमटपणा. नुसता ‘सूऽऽ’ येत असेल तर तो बहुतेक वेळा दोष नसतोच. माइक तोंडापासून लांब असतो आणि गेन, म्हणजे माइकचा संकेत किती वाढवायचा ते बटण, फार चढवलेलं असतं. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो, तेवढा गेन उतरवता येतो.

एक शिस्त मात्र शेवटपर्यंत पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, गेन तसाच ठेवा, आणि काय बदललं ते रेकॉर्डिंग चालू असतानाच बोलून ठेवा: ‘आता केबल बदलली’, ‘आता चार्जर काढला’. गुणगुणीची स्मृती फार फसवी असते. दहा मिनिटांनी ती आधी जास्त होती की आता, हे कानाला सांगता येत नाही, रेकॉर्डिंगला येतं.

पैसे न लागणारी तपासणी

मोबाइल माइकपासून आणि प्रीअँपपासून (माइकचा बारीक संकेत मोठा करणाऱ्या यंत्रापासून) दूर न्या. जुन्या जीएसएम जाळ्यावर फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा झटक्यांत लहरी सोडतो. ‘टर्र-टर्र-टर्र’ असा आवाज येतो तो हाच. मग डिमर बंद करा किंवा पूर्ण उजळा. लॅपटॉप असेल तर चार्जर भिंतीतून काढून बॅटरीवर चालवा. आवाज तिथेच थांबला तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या बाजूला आहे, खाली त्याबद्दल सांगतो.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला फक्त हात लागतो. गेन तसाच ठेवून माइक जागच्या जागी हळूहळू फिरवा, उभा-आडवा करा. फिरवताना गुणगुण कमी-जास्त होत असेल तर ती चुंबकीय आहे. डायनॅमिक माइकच्या आत तारेचं वेटोळं असतं, रिबन माइकमध्ये, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीवर चालणाऱ्या माइकमध्ये, ट्रान्सफॉर्मर असतो. दोन्ही शेजारच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र उचलतात आणि कोणत्या दिशेला तोंड आहे त्यावर ते किती उचलणार हे ठरतं. इलाज सोपा: माइक आणि त्याची केबल अडॅप्टर, अँप्लिफायर आणि विजेच्या वायरींपासून लांब न्या. हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानं ओसरतं, त्यामुळे हातभर सरकवण्यानंही मोठा फरक पडतो. माइकची केबल विजेच्या वायरीला ओलांडून जाणारच असेल तर काटकोनात ओलांडू द्या, शेजारून समांतर पळवू नका.

स्टँड

स्टँडकडे कुणी दोषाचं घर म्हणून पाहत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिलं म्हणजे पायांचे रबर. एक रबर पडलेला असतो आणि नळीचं लोखंड थेट फरशीला टेकलेलं असतं. मग फरशीवरचं प्रत्येक पाऊल नळीतून वर माइकपर्यंत चढतं. रबर बदला, किंवा तोवर पायाखाली जाड कापडाच्या घड्या ठेवा. मिक्सरवर 80 हर्ट्झच्या आसपासचा लो-कट (खालची कंपनं कापणारा फिल्टर) असेल तर बोलण्यासाठी तो लावून टाका, पण धक्के मुळात थांबवल्यानंतरच. फिल्टरनं धप्प हलकी होते, नाहीशी होत नाही.

दुसरं, ताणलेली केबल. माइकच्या बुडातून निघालेली केबल ताठ खाली जात असेल तर ती काडेपेटीच्या फोनच्या दोऱ्याचं काम करते: खाली कुणाचा पाय लागला की वर ऐकू येतं. माइकजवळ केबलचा एक सैल वळसा सोडा आणि मग ती स्टँडला बांधा. शॉक माउंट (माइकला रबरांवर झुलता धरणारी चौकट) असेल तर वळसा त्याच्या वरच्या बाजूला सुटा राहिला पाहिजे, नाहीतर केबलच कंपनं पोचवते आणि माउंट नावापुरता उरतो. त्या माउंटचे रबरही बघा. जुने रबर ओढून सोडले तर परत येत नाहीत, ताठ झालेले असतात, कधी बोटाला चिकटतात. ते बदलावे लागतात, दुसरा इलाज नाही.

तिसरं, आटे. माइकच्या स्टँडवर दोन मापं चालत आली आहेत, अमेरिकी वळणाचं 5/8 इंची आणि युरोपातलं 3/8 इंची. दोघांची गाठ घालायला मधे पितळेची किंवा लोखंडाची छोटी बुश असते. ही बुश अर्धा आटा सैल असली की विशिष्ट सुरालाच झणझणते. गायकानं खालचा सा लावला की झणझण, वर गेला की गप्प. असं असेल तर माइक उघडू नका, बुश नाण्याच्या कडेनं घट्ट करा. बूमच्या (स्टँडच्या आडव्या दांड्याच्या) टोकाचं सुटं वजन आणि वापरात नसलेला पंखीचा नटही असाच वाजतो.

आणि हळूहळू खाली झुकणारा बूम. इथे लोक तेल घालतात. ते मुळीच करू नका. तो सांधा घर्षणावर उभा असतो, तेलानं तो कायमचा घसरायला लागतो. सांधा उघडा, चकत्या कोरड्या फडक्यानं पुसा, तेल लागलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा, गुळगुळीत झालेली चकती बदला. जड माइक असेल तर बूम नेहमी तीन पायांपैकी एका पायाच्या बरोबर वर येईल असा फिरवा. दोन पायांच्या मधल्या पोकळीवर गेला की स्टँड आडवा व्हायला एक धक्का पुरतो.

पिना आणि केबल

गेन खाली, फँटम पॉवर (केबलमधूनच कंडेन्सर माइकला जाणारी वीज) बंद, मग हात लावा. जोडणी काढून पुन्हा घाला, असं चार-पाच वेळा करा. पिनांवरचा काळपटपणा घासून निघतो आणि पुष्कळदा एवढ्यानंच खरखर जाते. ती गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं नीट साफ करा. पॉलिश पेपर वापरू नका. पिनेवर चांदीचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो गेला की पिन आणखी लवकर काळी पडते.

आता जी चांगली आहे अशी खात्री आहे ती केबल लावून बघा. दोष गेला तर जुनी केबल बाजूला काढा आणि तिला तिथल्या तिथे खुणेची चिकटपट्टी लावा. न लावलेली खराब केबल चांगल्यांच्या ढिगात जाते आणि पुढच्या वेळी हीच सगळी कसरत पुन्हा करायला लावते.

केबलमधला दोष बहुधा टोकाला असतो, कनेक्टरपासून बोटभर अंतरावर, जिथे ती रोज वाकते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड असली की वाजतो त्या जागी) ठेवा. एका टोकाची 1 नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या 1 ला, 2 ची 2 ला, 3 ची 3 ला जोडलेली हवी, आणि आपसांत कुणीच जोडलेलं नको. मोजताना टोक वाकवत राहा. सरळ ठेवल्यावर मीटर वाजतो, वाकवलं की तुटतो, हाच तो येणारा-जाणारा दोष. कनेक्टर उघडला की कारण डोळ्यांना दिसतं: डागाजवळ तुटत आलेली तार, राखाडी भुरकट दिसणारा थंड (नीट न वितळलेला) डाग, किंवा जाळीचा एखादा केसाएवढा धागा सुटून 2 नंबरच्या पिनेला टेकलेला. तुटका भाग कापून टाका, तार नव्यानं सोला, पुन्हा डाग द्या, आणि केबलची पकड घट्ट बसली आहे ना ते ओढून बघा. पकड सैल राहिली तर सगळा ताण डागावर येतो आणि केबल महिन्याभरात परत येते.

इथे तीन तारा कशाला, ते समजलं की बरंच उलगडतं. बॅलन्स्ड जोडणीत माइकचा संकेत दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. बाहेरची गुणगुण मात्र दोघींत सारखीच शिरते. पुढचं यंत्र दोघींतला फरक घेतं, त्यामुळे संकेत राहतो आणि सारखं आलेलं वजा होतं. ही युक्ती टेलिफोनच्या लांबलचक तारांमधून आलेली आहे. एक तार तुटली की वजाबाकी मोडते, म्हणून आवाज पातळ होतो आणि गुणगुण त्याच क्षणी वर येते. माइकपासून थेट मोनो जॅकवर जाणारी केबल या संरक्षणाशिवायच चालते. ती पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नका. जुन्या हाय-इंपीडन्स माइकला तर लांब केबलनं वरचे सूरही मंदावतात.

एक जुना गोंधळही माहीत असू द्या. 2 नंबरची पिन ‘गरम’ (संकेताची सुलटी बाजू नेणारी) ही पद्धत ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीनं 1992 च्या मानकात पक्का केला. त्याआधीच्या काही यंत्रांत 3 नंबरची पिन गरम असे. जुना आणि नवा माइक एकेकटे छान वाजतात, पण एकत्र आले की खर्ज गायब होतो, तेव्हा हे बघा. मिक्सरवरचं पोलॅरिटीचं (संकेत उलटा करणारं) बटण दाबलं की खर्ज परत येतो.

फँटम पॉवर

कंडेन्सर माइक अजिबात बोलत नसेल किंवा फार हळू, फाटका आवाज देत असेल तर आधी 48 व्होल्टचं बटण. मग माइक काढून मीटरनं 1 आणि 2, आणि 1 आणि 3 मध्ये व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे 44 ते 52 च्या दरम्यान आणि जवळजवळ सारखं यायला हवं. दोहोंत ठळक फरक दिसला तर मिक्सरमधला एखादा रेझिस्टर गेला आहे, आणि गुणगुणीचं कारणही तिथेच असू शकतं. दुसऱ्या चॅनेलवर काम चालवा.

हे 48 व्होल्टच का, याला इतिहास आहे. 1966 मध्ये नॉयमान कंपनीनं नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरचे माइक दिले. तिथल्या स्टुडिओंत जादा दिव्यांसाठी 48 व्होल्टचा पुरवठा आधीच होता, तोच माइकना दिला, आणि तो आकडा जगभर रुळला. त्या काळात याखेरीज 12 व्होल्टची टी-पॉवर नावाची वेगळी पद्धतही होती, विशेषतः चित्रीकरणाच्या माइकना. जुना माइक हाती आला तर तो कोणत्या पद्धतीचा हे कळल्याशिवाय फँटमवर लावू नका. कॉम्प्युटरच्या छोट्या 3.5 मिलिमीटर जॅकवर मिळणारे काही व्होल्ट हे आणखी तिसरंच प्रकरण.

रिबन माइकच्या बाबतीत फँटम बंद ठेवण्याची सवयच लावून घ्या. धड बॅलन्स्ड केबलवर पुष्कळ रिबनना त्यानं काही होत नाही. पण केबलमध्ये एक तार जाळीला टेकलेली असली तर धक्का ट्रान्सफॉर्मरमधून पट्टीपर्यंत जातो, आणि ती अॅल्युमिनियमची पट्टी काही मायक्रॉन जाडीची असते. केबल आधी तपासायची ती यासाठीही.

जुन्या इलेक्ट्रेट माइकमध्ये (हा कंडेन्सरचाच एक प्रकार) दांड्यात छोटा सेल असतो. मोबाइल फोनपर्यंत पोचलेलं हे इलेक्ट्रेटचं तंत्र 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड झेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी उभं केलं. खरखरीची तक्रार असेल तर दांडा उघडून सेल बघा. तो फुटून हिरवट-पांढरा थर स्प्रिंगवर साचलेला असतो. ठेवून देताना सेल नेहमी काढून ठेवा.

अर्थिंगचा फेरा

लॅपटॉप बॅटरीवर नेल्यावर गुणगुण गेली असेल तर दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेली आहेत, आणि त्या वाटांच्या फेऱ्यात प्रवाह फिरतो आहे. सगळी यंत्रं एकाच विजेच्या पट्टीवर आणा. भागलं नाही तर दोन यंत्रांच्या मध्ये लाइन लेव्हलचा (माइकनंतरच्या, आधीच मोठ्या झालेल्या संकेताचा) ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. लाइन लेव्हलच्या केबलमध्ये घेणाऱ्या टोकाची जाळी सोडवण्याचा उपायही चालतो. माइकच्या केबलमध्ये तो चालत नाही, कारण फँटमचा परतीचा रस्ता त्या जाळीतूनच जातो.

विजेच्या प्लगची अर्थची पिन कापणं किंवा झाकणं हा उपाय नाही. गुणगुण जाते हे खरं, पण यंत्रात बिघाड झाला तर तो प्रवाह माइकच्या लोखंडी जाळीतून गाणाऱ्याच्या ओठाला लागतो. यानं माणसं गेली आहेत.

दमटपणा, धूळ आणि वय

कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला जोडलेलं सर्किट गिगाओमच्या घरात काम करतं. पाण्याचा अदृश्य थरही तिथे गळती करतो आणि तडतड सुरू होते. माइक सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. थंड खोलीतून आणलेला माइक लावण्याआधी अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हेअर ड्रायर नको, कॅप्सूलवर फुंकर तर नकोच.

वाऱ्यासाठीचा स्पंज वर्षांनी चुरा होतो. बोटानं दाबला की काळी चिकट भुकटी उरते. तो वेळेवर काढा, नाहीतर भुकटी पडद्यावर बसते. रिबन माइकचं चुंबक जोरदार असतं, म्हणून त्याला कानस चाललेल्या टेबलाजवळ नेऊ नका. लोखंडाचा कीस पट्टीला लागला की आवाजात घासल्यासारखी चरचर येते.

टेप रेकॉर्डर असेल तर हेड आयसोप्रोपिलनं पुसणं आणि डिमॅग्नेटाइझ करणं एवढं घरी करा. टेप न चालवताही आउटपुटवर 100 ची घरघर असेल तर आतले कपॅसिटर सुकले आहेत.

इथे थांबा

ओठाला किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद, आणि आधी वायरमन. ध्वनीचं नंतर बघू.

व्हॉल्व्हच्या माइकचा पॉवर सप्लाय उघडू नका. त्यात शंभराहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. शिवाय काही भाग परत मिळत नाहीत. नॉयमानच्या 1949 मधल्या यू 47 ला लागणारा व्हीएफ 14 व्हॉल्व्ह बनणं 1950 च्या दशकाच्या अखेरीस थांबलं. तिथे चुकीचा हात पडला तर भरपाई नाही.

कंडेन्सरची कॅप्सूल साफ करणं आणि रिबन बदलणं ही खास कारागिराची कामं आहेत. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, मिक्सरच्या सगळ्याच चॅनेलवर सारखी घरघर, हेही त्याच्याकडेच. आणि वरचं सगळं क्रमानं करूनही दोष तसाच असेल तर आणखी स्क्रू फिरवत बसू नका.

दुरुस्तीला देताना माइकसोबत तीच केबल, तोच पॉवर सप्लाय आणि तीच शॉक माउंटची जोडी द्या. दोषाचं रेकॉर्डिंग द्या, एक फक्त गुणगुणीचं आणि एक बोलण्यासकट. त्यावर गेन किती होता, फँटम चालू होती का, दोष लगेच येतो की तापल्यावर, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. येणारा-जाणारा दोष कारागिराच्या टेबलावर नेमका येत नाही. तेव्हा त्याच्या हाती एवढंच असतं.